बाप्पाच्या ओट्यावरचा जनरेटर

द्वारकाबाईंच्या उडदाच्या पापडांना यंदा पेट्रोलचा वास येतो, असं द्वारकाबाईंचं म्हणणं आहे.

झेंडूचा हार जळतो तेव्हा आधी सुतळी जळते.

हेमाच्या नाकातली नळी जेवणाच्या टेबलापर्यंत पोचते. गॅलरीतल्या जास्वंदीपर्यंत पोचत नाही.

पेट्रोल पंपावरची पाटी : ‘सुटे पेट्रोल मिळणार नाही. ओळख सांगू नये.’

सेवन, संपीडन, ज्वलन, उत्सर्जन.

मराठीत वीज जाते तेव्हा कर्ता लागत नाही. नुसतं ‘गेली’ म्हटलं की पुरतं.

वरच्या सगळ्या गोष्टी एकाच उन्हाळ्यातल्या आणि एकाच सोसायटीतल्या आहेत. त्या ओळीनं सांगायला हव्यात हे मला कळतं. मी शिक्षक होतो. ओळीनं सांगण्यातच माझं आयुष्य गेलं. पण ओळीनं सांगितलं की शेवट शेवटीच येतो, आणि तो तिथं यावा अशी माझी फारशी इच्छा नाही.

तर भौतिकशास्त्र. अंतर्ज्वलन इंजिनाची आकृती मी फळ्यावर इतक्या वेळा काढली आहे की डोळे मिटूनही काढेन. मोतीबिंदूच्या ऑपरेशनआधीचं एक वर्ष तशीच काढत होतो. पण खरंखुरं इंजिन सुरू करायची वेळ माझ्यावर कधी आली नव्हती. स्कूटर हेमा चालवायची. मी मागे बसून तिला तत्त्व समजावून सांगायचो. सिग्नलला स्कूटर बंद पडली की ती म्हणायची, “उतरा आता. तत्त्व ढकला.”

हेमाची फुफ्फुसं वाळत चालली होती. डॉक्टरांनी हाच शब्द वापरला. वाळत. जणू गच्चीवर घातली होती. घरी एक यंत्र आलं. ते खोलीतल्या हवेतून ऑक्सिजन वेगळा काढतं आणि नळीतून नाकात सोडतं. उंची लहान मुलाच्या कपाटाएवढी, आवाज घोरणाऱ्या पाहुण्याचा. ते विजेवर चालतं. आणि नेमका याच उन्हाळ्यात आमच्या विश्रांतवाडीतला रस्ता खोदायला घेतला. पाण्याची पाइप टाकणारे विजेची केबल तोडत, केबल जोडणारे पाण्याची पाइप फोडत. दोघांचं काम कधीच संपणार नाही अशी ती सोय होती. शिवाय गुरुवार होताच. पुण्यात गुरुवारी वीज दुरुस्तीला जाते, तशी माणसं दत्ताला जातात.

घरात इन्व्हर्टर आहे. पण हे यंत्र लावलं की तो थोड्या वेळात कुंई करतो आणि मान टाकतो. कोपऱ्यात एक मोठा सिलिंडर उभा करून ठेवला होता, पण तो अगदीच नाइलाज झाला तर. तो संपेपर्यंत वीज आली नाही तर काय, या प्रश्नाचं उत्तर आम्ही दोघंही एकमेकांना विचारत नव्हतो.

सोसायटीचा मोठा जनरेटर आहे. तो लिफ्ट आणि जिन्यातले दिवे एवढंच चालवतो. म्हणजे हेमाला लिफ्टमध्ये नेऊन ठेवलं असतं तर प्रश्न सुटला असता. हे मी सभेत बोलूनही दाखवलं. आमची सेक्रेटरी अस्मिता अतिशय गंभीरपणे म्हणाली, “सर, लिफ्टमध्ये प्लग पॉइंट नाही.”

म्हणून मी स्वतःचा जनरेटर घ्यायचं ठरवलं. पेट्रोलचा, छोटा, चाकांचा.

मार्केट यार्डाच्या अलीकडच्या एका दुकानात गेलो. दुकानदारानं मान वर न करता विचारलं, “लग्नाला की पंपाला?”

“बायकोला,” मी म्हणालो.

त्यानं मान वर केली. “मग कमी आवाजाचा दाखवतो.”

जनरेटर घरी आल्यावर सल्ले आले. सल्ला द्यायला वीज लागत नाही.

पहिला आला रामदास. आमची इमारत उभी आहे ती जमीन त्याच्या आजोबांची. त्यामुळे पहिल्या मजल्यावर राहत असला तरी संपूर्ण इमारत आपल्या वावरात आहे, अशा नजरेनं तो बघतो. मनानं लोण्यासारखा माणूस. फक्त त्याचे सल्ले जिवावर बेतणारे.

“सर, ग्यालरीत ठिवा की. कशाला खाली-वर? आमचा विहिरीपाशी होता, कितीक वर्सं.”

“रामदास, याच्या धुरात एक वायू असतो. तो दिसत नाही, त्याला वास येत नाही. माणूस झोपतो तो झोपतोच. विहिरीला फुफ्फुसं नसतात.”

“मंग निदान वायर तरी सोपी करू. दोन्ही टोकांना पिना बशिवतो. एक टोक जनरेटरात, एक तुमच्या भिताडातल्या साकिटात. समदं घर चालू!”

“आणि तीच वीज उलटी बाहेर जाऊन खांबावरच्या वायरमनला लागली म्हणजे?”

“लाईट नसताना त्यो खांबावर कशाला चढंल?”

“लाईट नसते म्हणूनच तो चढतो, रामदास.”

रामदासनं यावर बराच विचार केला. “ह्ये खरं हाय,” तो म्हणाला, आणि मला त्या दिवसापुरतं भौतिकशास्त्रज्ञ मानलं.

मग जागेचा प्रश्न. बरोबर आलेल्या माहितीपुस्तकात म्हटलं होतं की जनरेटर उघड्यावर, सपाट आणि कोरड्या जागी, कोणत्याही खिडकीपासून निदान वीस फूट लांब ठेवावा. मी टेप घेऊन आवारात उतरलो. ज्या माणसानं ते पुस्तक लिहिलं तो पुण्यात कधी राहिलेला नसावा. इथं एका खिडकीपासून वीस फूट लांब गेलं की आपण दुसऱ्या खिडकीत असतो. मी टेप धरून मागे सरकत होतो आणि प्रत्येक खिडकीतून एकेक डोकं बाहेर येऊन ‘इथं नको’ एवढंच सांगून आत जात होतं. मी बागेकडे वळलो, बागेत बाकावर बसलेल्यांनी सांगितलं की ही खिडकी नसली तरी त्यांना नाक आहे. तळमजल्यावरच्या द्वारकाबाई तर पापडाची खाट घेऊन माझ्या टेपच्या टोकावरच येऊन उभ्या राहिल्या. “सर, तुमचा धूर वर जाईल म्हणता. पण वर जायला तो आधी खालूनच निघणार ना?”

हे विज्ञानाच्या दृष्टीनं बिनतोड होतं.

शेवटी आवारात एकच जागा सापडली. गणपतीचा मांडव पडतो तो सिमेंटचा ओटा. सगळ्या खिडक्यांपासून लांब, उंच, कोरडा. गेल्या वर्षीच्या मांडवाची सुतळी अजून एका खिळ्याला होती.

अस्मितानं ग्रुपवर विचारलं, ‘बाप्पाच्या जागेवर पेट्रोलचं यंत्र ठेवणं नियमात बसतं का?’ मग तिनंच उत्तर दिलं, ‘तसा नियम नाही. तो करेपर्यंत ठेवायला हरकत नाही.’ मग प्रत्यक्ष भेटून तिनं खरा मुद्दा काढला. “सर, भाद्रपदात काय करणार?”

मी वर येऊन हेमाला हे सांगितलं. ती टेबलापाशी शेंगा सोलत होती. नळी ताणून पूर्ण सरळ झाली होती.

“भाद्रपदाचं भाद्रपदात बघू, म्हणावं,” ती म्हणाली.

(इथं आत्ता, लिहिता लिहिता, लाईट गेली. पूर्वी मी लगेच फोन करायचो. आता करत नाही. कागद खिडकीपाशी घेऊन लिहितो आहे.)

पेट्रोल. पंपावर मी प्लास्टिकचा डबा घेऊन गेलो तर तिथल्या माणसानं पाटीकडे बोट केलं. मी म्हटलं, मी ओळख सांगत नाही, अडचण सांगतो. तो म्हणाला, अडचणीचीही तीच पाटी. “ज्याच्यात घालायचं ते घेऊन या.” म्हणून रामदासच्या टेम्पोत जनरेटर चढवला, मी त्याला धरून मागे बसलो, आणि आळंदी रस्त्यावरून आम्ही एखाद्या अशक्त नातेवाइकाला दाखवायला न्यावं तसे पंपावर गेलो. मोटरसायकलवाल्यांनी वाट दिली. भरणाऱ्यानं सवयीनं विचारलं, “काच पुसू का?” तेव्हापासून प्रत्येक वेळी हेच. पेट्रोल संपत आलं की जनरेटर गार होऊ द्यायचा, टेम्पोत घालायचा, पंपावर न्यायचा, आणायचा. एकदा पंपावर माझा एक जुना विद्यार्थी गाडी घेऊन उभा होता. त्यानं खाली वाकून नमस्कार केला आणि विचारलं, “सर, सध्या मांडव डेकोरेशन का?” मी हो म्हणालो. काही वेळा खोटंच जास्त अब्रूदार असतं.

पहिल्यांदा सुरू करायचा तो समारंभ. हेमानं बजावलं होतं, नवं यंत्र आहे, पूजा केल्याशिवाय हात लावायचा नाही. तिला खाली यायचंच होतं. चाकाचा छोटा सिलिंडर घेऊन ती लिफ्टनं उतरली आणि ओट्यापासून लांब, वाऱ्याच्या वरच्या बाजूला, प्लास्टिकच्या खुर्चीत बसली. घरातून बाहेर पडून तिला बरेच दिवस झाले होते. आवारातल्या लोकांकडे ती गावाहून आल्यासारखी बघत होती.

मी कुंकवाचं स्वस्तिक काढलं. रामदासनं नारळ फोडला आणि भरघोस झेंडूचा हार नेमका धूर सोडायच्या नळकांड्यावर घातला. मी इंजिनात ऑइल घातलं, पट्टीनं पातळी बघितली, कारण नव्या इंजिनात ऑइल नसतं आणि कोरडं सुरू केलं तर ते पहिल्याच दिवशी निवृत्त होतं. हे सगळं मी मोठ्यानं समजावून सांगत होतो. मग दोरी ओढली.

काही झालं नाही.

रामदासनं ओढली. त्याच्या ताकदीनं जनरेटर पुढे सरकला, इंजिन मात्र सरकलं नाही. अस्मिता रोज योगासनं करते, तिनं कंबर वळवून शास्त्रोक्त ओढली. चोक उघडा म्हणाले, मिटा म्हणाले, अर्धा ठेवा म्हणाले. कोणी तरी म्हणालं, दमलाय, बसू द्या. मी इंजिनाचं चार घाती चक्र पुन्हा एकदा समजावलं, सेवन, संपीडन, आणि द्वारकाबाई म्हणाल्या, “सर, त्याला मराठी कळत नसेल.” माझे कान तापले. ज्या आवारात लोक मला सर म्हणतात त्या आवारात मी एका दोरीपुढे उभा होतो.

मग तो सुरू झाला.

कोणामुळे, याबद्दल सोसायटीत तीन मतं आहेत. रामदासचं म्हणणं, त्यानं ओढून ओढून तो सैल केला होता. अस्मिताचं म्हणणं, कोन महत्त्वाचा असतो. द्वारकाबाईंचं म्हणणं, नारळ. माझं मत मला अजून कोणी विचारलेलं नाही. जो तो टाळ्या वाजवत होता, तेवढ्यात झेंडूनं पेट घेतला.

यानंतर रीत पडून गेली. लाईट गेली की मी हेमाला आधी मोठ्या सिलिंडरवर घ्यायचो, मग केयूरला फोन लावायचो. केयूर आमचा मुलगा. तो खराडीला राहतो आणि तिथंच कुठल्याशा काचेच्या इमारतीत काम करतो. खराडी लांब नाही. फक्त तिथून येता येत नाही.

“गेली,” मी म्हणायचो.

“ओके बाबा. टेन्शन नका घेऊ. येईल. जनरेटर लावा. लाल बटण, चोक, दोरी. चालू झाला की दोन मिनिटं मोकळा चालू दे, मग मशीन लावा. मी कॉलवर आहे, नंतर बोलतो.”

मला हे सगळं पाठ होतं. तरी मी फोन करायचो. त्याच्या तोंडून ‘येईल’ ऐकलं की मला जिना उतरता यायचा.

खालून रामदास विचारायचा. एकदा त्यानं आवारातून हाळी दिली, “सर, गेली का ओ?”

मी गॅलरीतून ओरडलो, “गेली!”

आतून हेमा म्हणाली, “अजून नाही, म्हणावं.”

मी आत आलो. ती हसत होती. हसताना तिला खोकला आला आणि तो बराच वेळ थांबला नाही. मी पाठीवरून हात फिरवत राहिलो. थांबल्यावर ती म्हणाली, “विनोद चांगला होता. जपून वापरायला हवा.”

आता तो दिवस, ज्याबद्दल अस्मिता अजून माझ्याकडे बघून नजर खाली घालते. केबल चांगलीच तुटली होती. वीज संध्याकाळपर्यंत येणार नाही असं कळलं. जनरेटर ओट्यावर व्यवस्थित चालू होता. तिथून जाड वायर भिंतीच्या कडेनं वर आमच्या घरात आणली होती आणि तिच्यावर फक्त हेमाचं यंत्र होतं. खाली जनरेटरला दुसरं एक सॉकेट मोकळं होतं. मोकळं सॉकेट ही पुण्यात फार दुर्मीळ वस्तू आहे. अस्मितानं लॅपटॉप लावला. “सर, फक्त एक मीटिंग.” तिनं त्यासाठी एक बोर्ड आणला. बोर्डाला आणखी छिद्रं होती. मग मोबाइल आले. एक हवा भरायचा पंप आला. प्रत्येक जण मला विचारत होता, आणि मला नाही म्हणता आलं नाही, कारण आयुष्यात पहिल्यांदाच या आवारात माझ्याकडे असं काही होतं जे सगळ्यांना हवं होतं. मी बोर्डापाशी एखाद्या यजमानासारखा उभा होतो. द्वारकाबाईंनी मिक्सर आणला. “चटणीच वाटायची आहे. फिरवला की झालं.”

मिक्सर फिरला आणि जनरेटरनं आवाज बदलला, आणि मग जनरेटर

थांबला.

त्या शांततेत वरून यंत्राची शिट्टी ऐकू आली. वीज तुटली की ते शिट्टी देतं. लिफ्टची वाट न बघता मी जिना चढलो. मला जिना चढताना बघून रामदासनं खाली सगळ्या पिना उपटायला सुरुवात केली. “हाणा बाजूला! चटणी नाय खाल्ली तर मरत नाय कोन!” मी वर पोचलो तेव्हा हेमा पलंगाच्या कडेला दोन्ही हात टेकून बसली होती. ओठ जांभळे दिसत होते. सिलिंडरची चावी माझ्यानं फिरत नव्हती. तिनं माझ्या हातावर हात ठेवला आणि उलट्या दिशेला फिरवला. इतका वेळ मी ती घट्ट करत होतो.

थोड्या वेळानं रंग परत आला. खालून जनरेटरचा आवाजही.

“चटणी झाली का त्यांची?” हेमानं विचारलं.

त्या दिवसानंतर यंत्राचा काटा वाढवावा लागला. डॉक्टर म्हणाले, त्या दिवसाचा याच्याशी संबंध नाही, वाढणारच होता. द्वारकाबाई संध्याकाळी चटणीची वाटी घेऊन आल्या आणि दारातच रडल्या. पापडांच्या वासाबद्दल बोलणं त्यांनी सोडलं नाही, पण ते आता त्या मला बरं वाटावं म्हणून बोलतात, असं मला वाटतं. जनरेटरला नंतर कोणी हात लावला नाही. बोर्डावर अस्मितानं स्वतःच्या अक्षरात पाटी चिकटवली : ‘हे सॉकेट मोकळे नाही.’

मग आषाढ लागायच्या आधीचे दिवस. ढगाळ. द्वारकाबाईंनी शेवटचे पापड घातले होते. दुपारी हेमानं मऊ वरणभाताचे दोन घास खाल्ले. टेबलापर्यंत आता ती येत नव्हती, मी पलंगापाशी ताट नेलं होतं.

“जास्वंदीला पाणी घातलंत?” तिनं विचारलं.

“घालतो.”

“घालून या. कळी आली का ते बघा.”

मी गॅलरीत गेलो. पाणी घातलं. कळी आली होती. दोन होत्या. हे सांगायला मी आत आलो.

पंखा फिरत होता. यंत्र चालू होतं, त्याचा हिरवा दिवा लागलेला होता. नळीतून हवा येत होती. मी नळी कानाशी धरून बघितली, येत होती.

मी नेहमीसारखा फोन उचलला. केयूरला लावला.

“गेली,” मी म्हणालो.

“ओके बाबा. येईल हो. घाबरू नका. जनरेटर लावा. लाल बटण, चोक, दोरी. मी कॉलवर आहे, करतो नंतर.”

कर्ता लावायला हवा होता. शेवटचा शब्द तोच राहिला असता, त्याच्या आधी फक्त एक शब्द जोडायचा होता. व्याकरणाच्या दृष्टीनं काहीच अवघड नव्हतं.

“बरं,” मी म्हणालो.

आणि खाली गेलो. का गेलो ते सांगता येत नाही. मुलानं जनरेटर लावा सांगितलं होतं. ऑइल बघितलं. पेट्रोल होतं. आजूबाजूला काही पेटणारं नव्हतं, वारा खिडक्यांच्या उलट दिशेला होता. लाल बटण, चोक, दोरी. पहिल्याच ओढीला सुरू झाला. मी तो मोकळा चालू दिला.

द्वारकाबाई खिडकीत आल्या. “सर, अहो, लाईट आहे की!”

रामदास गॅलरीत आला. “सर! लाईट हाय! आमच्यात पंखा फिरतोय! बंद करा!”

अस्मिता खाली उतरली. “सर, आज गुरुवार नाही.”

“हो,” मी म्हणालो. “लाईट आहे.” आवाजात त्यांना ऐकू गेलं नसावं. मग मी वर, आमच्या गॅलरीकडे हात केला. तिथं जास्वंदीची कुंडी दिसत होती.

“गेली,” मी म्हणालो.

कोणीही ‘येईल’ म्हणालं नाही. रामदास जिन्यानं धावत आला, चपला काढून ओट्यावर चढला आणि त्यानं जनरेटर बंद केला. अस्मितानं माझ्या हातातला फोन घेतला, केयूरला पुन्हा लावला आणि पूर्ण वाक्य बोलली. द्वारकाबाई बाहेर आल्या आणि खाटेवरचे पापड, ओले तसेच, भराभर गोळा करू लागल्या. आता माणसं येणार होती, दारापाशी जागा लागणार होती.

पहिल्या दिवशी नळी काढून, सिलिंडर खुर्चीपाशीच ठेवून, ओट्यापर्यंत येऊन, आमच्यापैकी कोणालाच न सुचलेलं लाल बटण चालू करून दोरी ओढली होती ती हेमानं.